विहिरीपासून कॅनपर्यंत: दारव्ह्याच्या पाण्याची गोष्ट



मृग लागला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, लेकराला नळाचं पाणी पाजू का कॅन लावू?" विचारणारी बहुतेक वेळा आई असते. मांडीवरच्या बाळाला सकाळपासून पाच-सहा जुलाब झालेले असतात आणि बाहेर बाकावर अजून दहा-बारा पेशंट बसलेले असतात. त्या घाईत मी "उकळून, गार करून द्या" एवढंच सांगतो. ते बरोबरच आहे, पण अपुरं आहे. पाणी नेमकं कुठे बिघडतं हे कळलं नाही, तर उकळलेलं पाणीसुद्धा आपण संध्याकाळपर्यंत पुन्हा बिघडवून ठेवतो. आणि कुठे बिघडतं हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं, आजी-पणजीच्या काळापर्यंत. म्हणून आजचा लेख औषधांपेक्षा इतिहासाचा जास्त आहे. लांब आहे, सवडीने वाचा.

विहिरींचे दिवस

आपला सगळा भाग काळ्या पाषाणाचा. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली बेसॉल्टचा खडक. पावसाचं पाणी या खडकाच्या भेगांमधून मुरतं आणि विहिरीत उतरतं. हे पाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. अशा पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, हे तुमच्या आजीला कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय माहीत होतं. आपल्या शकुंतला रेल्वेवर, मुर्तिजापूर-यवतमाळ मार्गावर, १९२३ पासून १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन धावलं. जड पाण्याने बॉयलरमध्ये थर बसणं ही वाफेच्या इंजिनांची जुनीच डोकेदुखी. तोच पांढरा थर आज तुमच्या गिझरच्या कॉइलवर दिसतो. तो पाहून लोक मला विचारतात, "साहेब, हे असंच किडनीत जमत असेल ना?" नाही. जड पाण्यामुळे मुतखडा होतो याला भक्कम पुरावा नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात शेतात घाम गाळून दिवसभरात जेमतेम लिटर-दीड लिटर पाणी पिणं, हे मुतखड्याचं कितीतरी मोठं कारण आहे.

डोळ्यांना दिसणारा तो थर फारसं बिघडवत नाही. जिवावर उठत होतं ते न दिसणारं.

वऱ्हाडाने याची सगळ्यात मोठी किंमत १८९९-१९०० च्या दुष्काळात मोजली. जुनी माणसं त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणायची. तेव्हा आपला जिल्हा वणी या नावाने ओळखला जात होता. यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये मिळालं. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती वाढण्याऐवजी साडेसत्तावीस लाखांवर आली. हे सगळे मृत्यू उपासमारीने झालेले नाहीत. दुष्काळात विहिरी आटतात. ज्या एक-दोन विहिरींना पाणी उरतं तिथे आसपासच्या सगळ्या वस्त्यांची, गुराढोरांची आणि वाटसरूंची गर्दी होते. दुष्काळी कामांवर हजारो माणसं एका ठिकाणी राहतात. त्यातल्या एकाला पटकी झाली की सगळ्यांचं पाणी दूषित व्हायला फार वेळ लागत नाही.

पटकी म्हणजे कॉलरा. या रोगाचा जंतू आतड्यात शिरला की तो एक विष सोडतो आणि आतड्याचा अस्तर शरीरातलं पाणी आणि मीठ बाहेर टाकू लागतो. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात. मोठ्या माणसाच्या शरीरातून दिवसाला दहा लिटरहून जास्त पाणी जाऊ शकतं. सकाळी नांगर धरलेला माणूस रात्रीपर्यंत जातो, तो या कारणाने. असा मृत्यू पाहिलेल्या गावाने त्याला मरीमायचा कोप म्हटलं, तर मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. मरीमायचा गाडा गावाबाहेर, शिवेपलीकडे नेऊन सोडत. रोग बाहेरून येतो आणि वाटेने पुढच्या गावाला जातो, एवढं निरीक्षण त्यांचं बरोबर होतं. मधला दुवा, म्हणजे पाणी, तेवढा सुटला होता.

तो दुवा लंडनमध्ये जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने १८५४ मध्ये दाखवून दिला. एका गल्लीतल्या एका पंपाचं पाणी पिणारे लोक मरत होते, हे त्याने घरोघर फिरून मांडलं. पुढे १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यात, ज्या तळ्याचं पाणी लोक पीत होते त्या तळ्यातच, हा जंतू सापडला.

आपल्याकडच्या विहिरींपर्यंत हे ज्ञान पोचलं ते लाल औषधाच्या रूपाने. आग्र्याला हँकिन नावाचे जंतुशास्त्रज्ञ होते. त्यांनी १८९० च्या दशकात विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा उपाय पुढे आणला. पाणी गुलाबी-जांभळं व्हायचं आणि रंग जाईपर्यंत कोणी ते भरायचं नाही. तुमच्या घरात ऐंशी-नव्वदीचं कोणी असेल तर विचारा, लाल औषध नक्की आठवत असेल. जंतुनाशक म्हणून ते कमकुवतच होतं. माझा अंदाज असा की त्याचा निम्मा उपयोग रंगाचाच होता, कारण लाल दिसणाऱ्या विहिरीत एक-दोन दिवस कोणी घडा सोडत नसे. नंतर त्याची जागा ब्लीचिंग पावडरने घेतली. तीच आज ग्रामपंचायतीत टीसीएल म्हणून ओळखली जाते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आरोग्याच्या लेखांत ती सहसा गाळली जाते. विहीर गावाची असली तरी ती सगळ्यांची नव्हती. अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांना गावविहिरीवर बंदी होती. त्यांच्या वाट्याला नाल्याच्या काठचा झिरा यायचा, नाहीतर कोणी वरून ओतेल ते पाणी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तो हक्काचा आणि माणुसकीचा लढा होताच. डॉक्टर म्हणून मला त्यात आरोग्याचा लढाही दिसतो. उघड्या झिऱ्याचं पाणी आणि बांधलेल्या विहिरीचं पाणी यांत पटकीच्या साथीत जगण्या-मरण्याचा फरक पडत असणार.

नारू: जिंकलेली लढाई

चाळिशीच्या आतल्या वाचकांनी नारू हा शब्द कदाचित ऐकलाही नसेल. पायविहिरीत लोक पायऱ्या उतरून, पाण्यात पाय बुडवून पाणी भरत. ज्याच्या पायाला नारूचा फोड असे, त्याचा पाय पाण्यात बुडाला की त्या फोडातून हजारो अळ्या पाण्यात पडत. पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव त्या अळ्या खाई आणि ते पाणी प्यायलेल्या माणसाच्या अंगात वर्षभराने दोन-तीन फूट लांब जंत तयार होई. तो पायातून बाहेर पडू लागला की काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली आणि तुटला की पाय सुजून माणूस महिनाभर खाटेवर. पेरणीच्या दिवसांत हे झालं की वर्ष गेलं.

नारूवर लस नव्हती, आजही नाही. रामबाण औषधही नाही. तरीही तो देशातून गेला. पायविहिरी बंदिस्त केल्या, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं औषध टाकलं आणि घरोघरी पाणी फडक्याने गाळून घ्यायला शिकवलं. सायक्लॉप्स डोळ्यांना जेमतेम दिसतो इतका मोठा असल्याने दाट विणीच्या कापडात अडकतो. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. फडक्याच्या या यशामुळे एक गैरसमज मात्र मागे राहिला. आजही अनेक घरांत नळाला फडकं बांधलेलं दिसतं आणि त्यामुळे पाणी शुद्ध झालं असं समजतात. फडक्यात गाळ अडकतो. टायफॉईडचा जंतू किंवा काविळीचा विषाणू त्यातून आरामात पार होतो. उलट ते फडकं आठवडाभर ओलंच राहिलं तर त्यावरच जंतू वाढतात.

हातपंप आणि एक नवी अडचण

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मुख्यमंत्री आपल्याच जिल्ह्याचे, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक होते. उघड्या विहिरी आटल्या आणि शासनाने बोअर खणून हातपंप बसवायचा सपाटा लावला. सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे पंप घरगुती वापराचे होते. अख्ख्या गावाने दिवसभर दांडा मारला की ते महिन्या-दोन महिन्यांत मोडत. त्यावरचा तोडगा आपल्या महाराष्ट्रातच निघाला. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कार्यशाळांत मजबूत पंप तयार झाले, त्यातल्या सोलापूरच्या पंपावरून पुढे युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' बनला आणि तो जगभर गेला. तुमच्या मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर गंजत पडलेला तो पंप एवढा इतिहास घेऊन उभा आहे.

हातपंपाचं पाणी जंतूंच्या बाबतीत उघड्या विहिरीपेक्षा पुष्कळ बरं, कारण वरून घाण पडत नाही. पण खोलवरच्या खडकातून पाणी काढलं की खडकातलं जे असेल ते पाण्यात येतं. आपल्या जिल्ह्यात पांढरकवडा-झरी या भागात ते फ्लोराइड निघालं. पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि पुढे कंबर-गुडघे आखडतात. त्या भागातून पेशंट आला आणि तोंड उघडलं की गाव न विचारता अंदाज बांधता येतो. हे पाणी उकळून काही उपयोग नाही. उकळल्याने पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतंच. दारव्हा तालुक्याचा खडक वेगळा असल्याने फ्लोराइडची भीती आपल्याला तुलनेने कमी. आपल्याकडच्या बोअरमध्ये नायट्रेट जास्त तपासून घ्यावं, विशेषतः बोअर संडासाच्या टाकीजवळ किंवा उकिरड्याजवळ असेल तर. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याहून जास्त असलेलं पाणी वरच्या दुधात मिसळून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देऊ नका. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते आणि ते निळसर पडू शकतं.

नळ आला

मुंबईला विहार तलावाचं पाणी नळाने १८६० मध्ये मिळालं. आपल्या विभागात अमरावतीला वडाळी तलाव, नागपूरला अंबाझरी, अशा शहरांच्या योजना इंग्रजी अमदानीतच झाल्या. तालुक्याच्या गावांना घरोघरी नळ मिळाले ते बहुतेक स्वातंत्र्यानंतर. धरणं बांधली गेली, मग त्यांतून नळयोजना निघाल्या. अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा ही नावं आपण आधी शेतीच्या ओलितासाठी ऐकली आणि मग पिण्यासाठी.

धरणाचं पाणी घरी येईपर्यंत त्यावर काय काय होतं, हे एकदा समजून घ्या. शुद्धीकरण केंद्रावर पाण्यात आधी तुरटी टाकतात. तुरटीमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला बसतात. आजी घड्यात तुरटी फिरवायची, तेच मोठ्या प्रमाणावर. मग पाणी वाळूच्या थरातून गाळतात. शेवटी क्लोरीन. क्लोरीनचा हा वापर मोठ्या शहराच्या पाण्यात कायमचा सुरू झाला तो अमेरिकेत जर्सी सिटीला १९०८ मध्ये. त्याआधी १९०३ मध्येच भारतात नोकरीला असलेल्या नेसफिल्ड नावाच्या लष्करी डॉक्टराने क्लोरीनने पाणी निर्जंतुक करायची पद्धत लिहून प्रसिद्ध केली होती. त्याचं नाव आज फारसं कोणी घेत नाही.

क्लोरीनबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ते केंद्रावर टाकलं म्हणजे काम संपलं असं नाही. ते तुमच्या नळापर्यंत थोडं शिल्लक राहायला हवं. भारतीय मानक सांगतं की ग्राहकाच्या नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं. हे उरलेलं क्लोरीन म्हणजे रस्त्यात पाइपमध्ये घाण शिरलीच तर तिला मारण्यासाठी सोबत पाठवलेला पहारेकरी. पाण्याला क्लोरीनचा किंचित वास आला की लोक तक्रार करतात, "साहेब, पाण्याला औषधाचा वास येते." मी त्यांना सांगतो, भाऊ, त्या वासाला घाबरू नका. वास अजिबात नाही आणि मोहल्ल्यात जुलाबाचे पेशंट, तेव्हा घाबरा.

स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातली कावीळ

क्लोरीनलाही मर्यादा आहेत, हे आपल्या देशाला दिल्लीने शिकवलं. १९५५ मध्ये यमुनेला पूर आला. पात्र बदललं आणि शहराच्या गटाराचं पाणी थेट पाणी उचलण्याच्या ठिकाणी शिरलं. केंद्रावरच्या लोकांना ते कळलं. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवलं. टायफॉईडची, हगवणीची साथ आली नाही. पण दीड-दोन महिन्यांत काविळीचे २९ हजारांहून जास्त रुग्ण निघाले. जंतू मेले होते, विषाणू वाचला होता. विषाणू गाळाच्या कणांत दडून बसला की त्याला मारायला जास्त क्लोरीन आणि जास्त वेळ लागतो. त्या रुग्णांचं जपून ठेवलेलं रक्त अनेक वर्षांनी पुण्याच्या विषाणू संस्थेत तपासलं गेलं आणि तो विषाणू हिपॅटायटिस ई असल्याचं सिद्ध झालं.

महाराष्ट्राने ही कावीळ पुन्हा पुन्हा पाहिली. १९८१ मध्ये कोल्हापुरात पाण्यातून काविळीची मोठी साथ आली. २०१२ मध्ये इचलकरंजीत हजारो लोक आजारी पडले आणि मृत्यूही झाले. एरवी ही कावीळ महिना-दीड महिन्यात आपोआप बरी होते. गरोदर बाईला, विशेषतः सातव्या महिन्यानंतर झाली, तर मात्र तिच्यासारखी घातक कावीळ नाही. अशा दर चार-पाच बायकांपैकी एक दगावू शकते. म्हणून माझी कळकळीची विनंती: घरात गरोदर सून किंवा लेक असेल आणि मोहल्ल्यात एकाला जरी कावीळ झाल्याचं कळलं, तर त्या दिवसापासून तिच्यासाठी पाणी उकळूनच. तिचे डोळे पिवळे दिसले तर काविळीची माळ घालायला नेऊ नका. त्या दोन-तीन दिवसांचीच किंमत जास्त असते. सरळ दवाखान्यात आणा.

नळ बंद असतो तेव्हा

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. केंद्रावर शुद्ध झालेलं पाणी घरी येईपर्यंत कसं बिघडतं?

पाइपमध्ये पाणी दाबाने भरलेलं असतं तोवर, पाइपला भोक असलं तरी, पाणी आतून बाहेर जातं. बाहेरची घाण आत येऊ शकत नाही. लहान गावांत पाणी चोवीस तास नसतं. कुठे एक दिवसाआड, उन्हाळ्यात कुठे चार-आठ दिवसांआड. यवतमाळकरांनी २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटल्यावर काय सोसलं ते आठवत असेलच. नळ बंद झाला की पाइप रिकामा होतो, आत दाब उरत नाही आणि भोवतालची ओल भोकांतून आत झिरपते. आपल्याकडे घरगुती जोडणीचे पाइप कुठून जातात ते एकदा दारात उभं राहून बघा. बऱ्याच ठिकाणी ते नालीतून किंवा नालीच्या काठाने गेलेले असतात. जोडणी जुनी, पाइप गंजलेला, वरून नाली तुंबलेली. त्यात कोणीतरी टिल्लू पंप लावतो. टिल्लू पंप पाणी नुसतं ओढत नाही, पाइपमध्ये पोकळी तयार करतो, आणि ती पोकळी भरायला नालीचं पाणी भोकातून आत खेचलं जातं. पंप लावणाऱ्याच्या घरीच ते जाईल असं नाही, शेजाऱ्याच्या माठातही जातं. टिल्लू पंपाकडे लोक पाणीचोरी म्हणून बघतात. माझ्या लेखी तो साथीचं एक मोठं कारण आहे.

हे नुसतं माझं मत नाही. कर्नाटकात हुबळी-धारवाडला काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं आणि बाकी गावात आधीसारखंच अधूनमधून. मूळ पाणी एकाच ठिकाणाहून, शुद्धीकरणही तेच. संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले. अधूनमधून पाणी येणाऱ्या भागात जवळजवळ एक तृतीयांश नमुन्यांत विष्ठेतून येणारा ई. कोलाय जंतू सापडला. चोवीस तास पाण्याच्या भागात शंभरात जेमतेम एका नमुन्यात. नळ नुकताच सुरू झाल्यावरचं पाणी जास्त खराब होतं, हेही त्यांना दिसलं. आपल्या राज्यात कराडजवळच्या मलकापूरने, म्हणजे एका लहान गावाने, मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं आहे. त्यामुळे लहान गावाला हे परवडत नाही असं कोणी म्हणालं की मला ते पटत नाही. अडचण पाण्याइतकीच गळतीची आणि बिलवसुलीची असते.

नळ अजिबातच बंद पडला तर काय होतं, ते जुलै २०२२ मध्ये मेळघाटात दिसलं. चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी-कोयलारी भागात नळाचं पाणी मिळत नव्हतं. विजेचं बिल थकल्याने पुरवठा बंद असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. लोक उघड्या विहिरीकडे वळले आणि कॉलरा झाला. माणसं गेली. १९०० साल आणि २०२२ साल यांत एका वीजबिलाचं अंतर होतं. आणि हे फक्त डोंगरातल्या गावांचं आहे असंही समजू नका. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया बारे सिंड्रोम या लकव्यासारख्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा पोट बिघडवणारा जंतू निघाला आणि संशय पाण्यावर गेला.

मग कॅन लावायची का?

कॅनच्या पाण्याला लोक "आरओचं पाणी" म्हणतात. चांगलं चाललेलं आरओ यंत्र क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, जंतू, सगळं काढतं. पण ते क्लोरीनही काढतं. म्हणजे कॅनमध्ये भरलेल्या पाण्याला पहारेकरी नाही. ती कॅन कोणी, कशाने धुतली, ऑटोत उन्हात किती वेळ राहिली, झाकण कितव्यांदा बसवलं, हे तुम्हाला ठाऊक नसतं. थंडगार लागतं म्हणून शुद्ध वाटतं. सीलबंद बाटलीवर मानक संस्थेचा शिक्का असतो, सुट्या कॅनवर बहुतेक वेळा काहीच नसतं. क्लोरीन शिल्लक असलेलं नळाचं पाणी नीट साठवलेलं असेल, तर मी स्वतः ते सुट्या कॅनपेक्षा वर ठेवतो. आमच्या घरी तेच पितो. पावसाळ्यात उकळतो.

तर त्या आईला मला सवडीने जे सांगायचं असतं ते असं. नळ आला की पहिली दोन-चार बादल्या पाणी पिण्यासाठी भरू नका, धुण्या-भांड्याला किंवा झाडांना घाला. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्च होतं. मग उकळा. चांगली उकळी फुटल्यावर एक-दोन मिनिटं पुरेत, गॅस जाळत बसू नका. उकळणं शक्य नसेल तर आरोग्य केंद्रात मिळणारं मेडिक्लोर बाटलीवर लिहिलंय तेवढंच टाका, ढवळा आणि अर्धा तास थांबा. या अर्ध्या तासात घाई करू नका, जंतू मरायला तेवढा वेळ लागतोच. माठ उंचावर, झाकलेला. पाणी काढायला दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचा माठ. उकळलेल्या पाण्यात लेकरू हातासकट पेला बुडवतं तिथेच सगळी मेहनत वाया जाते. अंगणातलं टाकं वर्षातून दोनदा तरी रिकामं करून घासा. घराची जोडणी नालीतून गेली असेल तर प्लंबरला सांगून तो तुकडा बदलून वर घ्या. त्याला लागणारा खर्च एका टायफॉईडच्या अॅडमिशनपेक्षा कमी असतो.

पाणी तपासायचं असेल तर दोन सोप्या गोष्टी आहेत. ओटी चाचणीत नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. दुसरी एचटूएस बाटली. ती ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये पुढे आणली. तिच्यात पाणी भरून ठेवा. एक-दोन दिवसांत काळं पडलं तर त्यात विष्ठेची घाण असण्याची दाट शक्यता. पक्का रिपोर्ट हवा तर यवतमाळला जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे. नमुन्याची बाटली निर्जंतुक हवी, ती तिथूनच मागून घ्या. धुतलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणलेल्या नमुन्याचा काही उपयोग नाही. तुमच्या गल्लीत एका आठवड्यात तीन-चार घरांत जुलाब किंवा कावीळ झाली तर ते सगळं एकत्र, घर क्रमांकासह, नगरपरिषदेला आणि सरकारी दवाखान्याला लेखी कळवा. जॉन स्नोने लंडनमध्ये हेच केलं होतं. पाइप कुठे फुटलाय हे शोधायला अशा यादीची खूप मदत होते.

आणि तोवर बाळाला जुलाब सुरू झालेच, तर सलाईनच्या मागे लागू नका. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावला साखर-मिठाचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले. तेच आजचं ओआरएस. पूर्ण पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदाच मिसळा, अर्धं पाकीट पेल्यात असं नको. बाळाला चमच्या-चमच्याने, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध बंद करू नका. सोबत चौदा दिवस झिंकची गोळी, वयाप्रमाणे मात्रा विचारून. बाळ सुस्त पडलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसलं किंवा पाणी पोटात टिकतच नसेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी घेऊन या.